विहिरीच्या काठावरचे इंजिन

शेतीतून डिझेल हद्दपार करणे हे पीएम-कुसुम योजनेचे २०१९पासूनचे जाहीर उद्दिष्ट आहे आणि ‘मागेल त्याला सौर कृषिपंप’ योजनेने महाराष्ट्रात त्याला वेग दिला आहे. या उद्दिष्टाशी माझे भांडण नाही. धूर आणि डिझेलचा भाव सोसत राहा, असे शेतकऱ्याला कोण सांगेल? खटकते ते इतकेच की, या सगळ्या बोलण्यात ऑइल इंजिनाची नोंद फक्त प्रदूषणाच्या खात्यावर होते. यंत्राची ताकद खेड्यातल्या माणसाच्या मालकीची झाली ती प्रामुख्याने या इंजिनामुळे, आणि ते जाताना ती मालकीही जाते आहे, याबद्दल कोणी अवाक्षर काढत नाही.

वाफेच्या इंजिनाने छोट्या कारागिराला मोठ्या कारखान्यापुढे हतबल केले, ही रुडॉल्फ डिझेल यांची खंत होती. लहान कार्यशाळेला पेलेल असे इंजिन त्यांना हवे होते. १८९७ साली आउग्सबुर्गच्या चाचणीत त्यांच्या इंजिनाने इंधनातल्या उष्णतेपैकी सुमारे २६ टक्के कामी लावली. वाफेची इंजिने याच्या बरीच मागे होती. तरी पहिली गिऱ्हाइके कारागीर नव्हती. १८९८मध्ये केम्प्टनच्या आगपेटीच्या कारखान्यात ६० अश्वशक्तीचे इंजिन बसले, मग वीजकेंद्रे आली, १९१२मध्ये ‘सेलांडिया’ हे महासागरी जहाज आले. कारण तांत्रिक होते. इंधन दाबाखालच्या हवेने सिलिंडरमध्ये फवारावे लागे, त्यासाठी वेगळा कॉम्प्रेसर लागे आणि इंजिन जड व महाग होई. हवेशिवाय थेट इंधन फवारणारे पंप बॉश कंपनीने १९२७पासून मोठ्या प्रमाणावर काढले, तेव्हा कुठे लहान डिझेल इंजिनाचा मार्ग मोकळा झाला. डिझेल स्वतः १९१३मध्येच समुद्रप्रवासात बेपत्ता होऊन मरण पावले होते.

त्यांना हवे होते ते पुढे आपल्याकडे घडले. १९३०च्या दशकात सातारा रोडला कूपर यांच्या कारखान्यात डिझेल इंजिने होऊ लागली, १९४६ साली पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची स्थापना झाली आणि कोल्हापूरच्या उद्यमनगरात इंजिने व त्यांचे सुटे भाग करणाऱ्या कार्यशाळा वाढल्या. कोल्हापूरच्या आजच्या फौंड्री उद्योगाची मुळे या इंजिनांच्या ओतकामात आहेत. गावात इंजिनाने मोटेचे बैल मोकळे केले, गुऱ्हाळाचा चरक फिरवला, तंबूतल्या सिनेमाला वीज पुरवली. सर्वांत मोठे काम मात्र पिठाच्या गिरणीत झाले. पहाटे उठून जात्यावर बसणाऱ्या बाईचे रोजचे कष्ट गिरणीच्या पट्ट्याने संपवले. सिंचनाचे आकडे मांडताना आपण हे कष्ट कधी हिशेबात धरले नाहीत.

माझ्या पिढीने जगलेले सत्तरचे दशक या इंजिनाच्या कसोटीचे होते. १९७२च्या दुष्काळाने विहिरी कोरड्या पडल्या, १९७३पासून जगभर तेल भडकले. तरीही इंजिनाची गरज संपली नाही, कारण विजेचा भरवसा नव्हता. त्या काळी गावाच्या हद्दीत कुठेही, कोणत्याही कामासाठी वीज वापरली गेली की सरकारदरबारी ते गाव विद्युतीकरण झालेले ठरे. ही व्याख्या १९९७पर्यंत टिकली. एका पंपाच्या जोडणीवर अख्खे गाव उजळल्याची नोंद करणाऱ्यांनी ग्रामीण महाराष्ट्राची फसवणूक केली, असेच मी म्हणेन. ती उणीव इंजिनाने भरून काढली. ते बैलगाडीत घालून या विहिरीवरून त्या विहिरीवर नेता येई, भाड्याने देता येई, एका हंगामात पाणी उपसून दुसऱ्या हंगामात मळणीयंत्राला जोडता येई. नॉझल चोंदले, रिंगा झिजल्या, गॅस्केट उडाले, तर तालुक्याच्या बाजारपेठेतला फिटर ते काम करून देई.

यावर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला असा की, इंजिनाने भूजल उपसले आणि उसाला मोकाट सोडले. यात तथ्य आहे, पण दोषाची वाटणी नीट व्हायला हवी. जमिनीवर ठेवलेला साधा सेंट्रिफ्युगल पंप सात-आठ मीटरपलीकडून पाणी खेचू शकत नाही. म्हणून तर इंजिने विहिरीत कठड्यावर उतरवावी लागत. शिवाय दर तासाला डिझेल जळताना दिसे, त्यामुळे हात आखडता राही. खोल बोअरमधून पाणी ओढले ते विजेच्या पाणबुडी पंपांनी आणि अश्वशक्तीवर ठरणाऱ्या एकरकमी वीजदराने उपशाची किंमतच दिसेनाशी केली. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: इंजिन बागायतदाराला परवडले, भूमिहीनाला त्यातून काय मिळाले? हे मला मान्य आहे. ज्याच्याकडे विहीर नाही त्याला इंजिनाची मालकी निरर्थक होती आणि भाड्याने पाणी घेणाऱ्याची पिळवणूकही झाली. मात्र हा दोष जमिनीच्या वाटपाचा आहे. विजेच्या किंवा सौर पंपानेही तो दूर होत नाही.

म्हणूनच आजच्या बदलाकडे मी मालकीच्या बाजूने पाहतो. सौर पंपाला इंधन लागत नाही आणि रात्री शेतात जाण्याची पाळी येत नाही, हे मोठे फायदे आहेत. पण तो एका विहिरीला जखडलेला असतो, पाण्याची गरज नसते त्या महिन्यांत त्याची वीज वाया जाते आणि त्याचा कंट्रोलर बिघडला तर गावच्या फिटरला तो दुरुस्त करता येत नाही. त्याच पॅनेलवर गिरणी किंवा कडबाकुट्टीही चालवू देणारा कंट्रोलर कुसुम योजनेच्या चौकटीत बसतो. तो प्रत्येक पंपासोबत द्यावा आणि त्याच्या दुरुस्तीचे शिक्षण तालुक्याच्या आयटीआयमध्ये सुरू करावे. शेतकऱ्यांनी आणि त्यांच्या संघटनांनी अनुदानाच्या टक्क्यांइतक्याच जोराने हीदेखील मागणी लावून धरावी.