अडकलेला नट आणि कारागिराची जबाबदारी

नवा नळ पिशवीत आहे, गिऱ्हाईक समोर उभे आहे, आणि सिंकखालचा जुना नट काही केल्या हलत नाही. नळकाम करणाऱ्या आपल्या बांधवांवर हा प्रसंग वरचेवर येतो. वरून पाहणाऱ्याला दहा मिनिटांचे काम वाटते. खाली उताणे पडलेल्या माणसालाच त्यातला घाम ठाऊक असतो.

सोलापुरात तर हा नट जास्तच हट्टी. उजनीच्या पाण्याची वाट शहराने वर्षानुवर्षे चार-पाच दिवसांआड पाहिली आहे, म्हणून घरोघरी टाकी आणि बोअर. काळ्या पाषाणातून येणारे बोअरचे पाणी जड असते. थेंब-थेंब झिरपून ते सुकले की आट्यांत चुन्याचा पांढरा खार बसतो. त्यात नळ पितळेचा आणि नट लोखंडी असेल तर ओलाव्यात लोखंडच आधी खाल्ले जाते, आणि गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेत असल्याने आटे गच्च आवळतात.

विजापूर वेस भागात एका घरी आम्ही डोळ्यांनी पाहिले. एका तरुण कारागिराने घाईने लांब पाइपाचा टेकू देऊन पाना ओढला. नट हलला नाही, चिनी मातीचे भांडे मात्र तडकले. त्याची दिवसाची मजुरी तर गेलीच, वर भांड्याची किंमतही अंगावर आली. गिऱ्हाईकाची वस्तू आपल्या हाती अमानत असते. ती सांभाळून काम करायचे तर जोरापेक्षा सबुरी उपयोगी.

आधी नळाचे पाणी बंद करावे, खाली बादली ठेवावी. मग नटावर काय बसले आहे ते नीट बघावे. पांढरा खार असेल तर पांढऱ्या व्हिनेगरमध्ये किंवा लिंबूसत्त्वाच्या पाण्यात भिजवलेले फडके गुंडाळून तासभर ठेवावे. संडास साफ करायचे अॅसिड मुळीच वापरू नये. ते नळाची चकाकी खाते, आणि ब्लीचिंगशी गाठ पडली तर विषारी वायू सुटतो. तांबूस गंज असेल तर गंज सोडवणारे स्प्रे तेल आट्यांच्या फटीत सोडावे. ते नसेल तर डिझेल चालते. पण तेल सोडले आणि लगेच पाना लावला, तर त्याचा काय उपयोग? पंधरा-वीस मिनिटे थांबावे, पुन्हा सोडावे, शक्य असेल तर रात्रभर मुरू द्यावे.

तेल मुरत असताना नटाच्या बाजूंवर हातोडीने हलके टिचके मारावेत. आपल्या यंत्रमागावरचे जुने जॉबर हेच करत. पाना लावण्याआधी नटाला ठोकून जागे करायचे. नंतर नट आधी किंचित आवळावा, मग सोडावा. उलट्या दिशेच्या त्या जरा हालचालीने गंजाची पकड तुटते.

दिशेची चूक तर मुरलेल्या कारागिराकडूनही होते. आडवे पडून वर पाहताना नट घड्याळाच्या काट्याच्या उलट फिरवायचा असतो. उभे राहून वरून विचार केला तर ती दिशा नेमकी उलटी दिसते, आणि माणूस सोडतोय असे समजून आवळत बसतो! एका हाताने वरचा नळ धरून ठेवावा, नाहीतर नटाबरोबर सगळा नळच फिरतो. जागा अरुंद असल्याने लांब दांड्याचा बेसिन पाना जवळ हवाच. साध्या पान्याने नटाच्या कडा गोल झाल्या की पुढचे काम दुप्पट.

काही वेळा गॅसच्या ज्योतीची सूचना होते. आम्ही ती टाळायला सांगू. भोवती रबरी वायसर, प्लास्टिकची नळी, चिनी माती असते. आणि तेल सोडलेल्या जागी ज्योत म्हणजे आगीला आमंत्रण.

कशानेच सुटला नाही, तर नट कापावा. जुना नळ टाकूनच द्यायचा आहे, मग नटाची दया कशाला? अर्ध्या हॅक्सॉ ब्लेडला फडके गुंडाळून नटाच्या एका बाजूला उभा काप घ्यावा, आट्यांच्या अलीकडे थांबावे, मग त्या खाचेत जाड स्क्रू-ड्रायव्हर घालून पिळावा. नट फाकतो. डोळ्यांवर चष्मा हवा; वरून पडणारा भुगा थेट डोळ्यांत येतो.

मजुरीची गोष्टही आधीच करावी. "नट सुटला तर इतके, कापावा लागला तर इतके" असे काम सुरू होण्यापूर्वी सांगितले की नंतर कुणाच्या मनात किंतू राहत नाही.

नवा नळ बसवताना पितळी नट घ्यावा आणि त्याच्या आट्यांना थोडे ग्रीस लावावे. पुढच्या वेळी येणारा कारागीर दुवा देईल. टेफ्लॉन टेप या नटाला लागत नाही, आणि रबरी वायसर असलेल्या जोडनळीलाही नाही. नट हाताने बसेल तितका आवळून पान्याने पाव फेरा पुरे. टाकीचे पाणी सोडून सांध्याखाली कोरडा कागद धरावा. कागद कोरडा राहिला तरी नळाला पाणी येण्याच्या दिवशी गिऱ्हाईकाकडून एकदा पुन्हा बघून घ्यावे, कारण थेट लाइनचा दाब टाकीपेक्षा वेगळा असू शकतो.