एकवीस डॉलरचे अजरामर वादन

'रॉक अराउंड द क्लॉक' ज्यांनी ऐकले आहे, त्यांनी डॅनी सेड्रोन यांची गिटारही ऐकली आहे. त्यांचे नाव मात्र फार थोड्यांना ठाऊक असते.

१२ एप्रिल १९५४ रोजी न्यूयॉर्कमध्ये बिल हेली आणि त्यांच्या 'कॉमेट्स' या वाद्यवृंदाने डेक्का कंपनीसाठी हे गाणे ध्वनिमुद्रित केले. सेड्रोन या वाद्यवृंदाचे कायमचे सदस्य नव्हते. हेली त्यांना ध्वनिमुद्रणापुरते बोलावत. त्या दिवशी बराचसा वेळ 'थर्टीन विमेन' या दुसऱ्याच गाण्यावर खर्च झाला. उरलेल्या थोड्या अवधीत सेड्रोन यांनी १९५२ मधील 'रॉक द जॉइंट'साठी वाजवलेला तुकडाच जवळजवळ जसाच्या तसा पुन्हा वाजवला. विजेच्या वेगाने झरणारे सूर आणि अखेरीस लगतच्या स्वरांवरून सरसर खाली उतरणारी मालिका, हे त्याचे वैशिष्ट्य. या कामाचे मानधन होते अवघे २१ डॉलर.

१७ जून १९५४ रोजी जिन्यावरून पडून सेड्रोन यांचा मृत्यू झाला. चौतिसावा वाढदिवस तीन दिवसांवर होता. गाणे तोवर फारसे गाजलेले नव्हते. १९५५ मध्ये 'ब्लॅकबोर्ड जंगल' या चित्रपटाच्या आरंभी ते वाजले आणि जुलैत 'बिलबोर्ड'च्या यादीत अग्रस्थानी पोहोचून तेथे आठ आठवडे राहिले. या यशातले काहीच त्यांच्या वाट्याला आले नाही.

'रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम'ने २०१२ मध्ये 'कॉमेट्स'चा गौरव केला, त्यात सेड्रोन यांचेही नाव होते. या सन्मानासाठी ५८ वर्षे जावी लागली.