वजन उतरतंय, पाय काय म्हणतात?
(लेखमाला : शस्त्रक्रियेनंतरचं वर्ष, भाग ५)

मागच्या आठवड्यात ताटाबद्दल बोललो, आज पायांबद्दल.

इंदूरहून उज्जैनकडे निघालं की सांवेर रोड लागतो. कारखाने, गोदामं, मालट्रकांची वर्दळ. याच रस्त्यावर श्री अरबिंदो आयुर्विज्ञान संस्था आहे आणि तिच्या आवारात डॉ. मोहित भंडारी यांचं मोहक बॅरिॲट्रिक केंद्र. वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियांसाठी ते देशभर ओळखलं जातं. माळवा सोडाच, धुळे-बऱ्हाणपूरकरांनाही मुंबईपेक्षा इंदूर जवळ. पण रुग्ण काही दिवसांत घरी परततो आणि वजन पुढे वर्षभर तरी उतरत राहतं. त्या वर्षातला व्यायाम कोणी बघायचा?

‘रोज चाला’ एवढं फाइलवर लिहून मोकळं व्हायची रीत सगळीकडेच आहे. अमेरिकेत २०१० साली एका छोट्या अभ्यासात शस्त्रक्रियेआधी आणि नंतर रुग्णांच्या अंगावर हालचाल मोजणारं यंत्र लावलं. सहा महिन्यांनी रुग्ण म्हणत होते, आमचा व्यायाम कितीतरी पटींनी वाढला. यंत्रात वाढ जवळजवळ नव्हतीच. रुग्ण खोटं बोलत होते असं मला वाटत नाही. अंग हलकं झालं की माणसाला आपण फार हिंडतोय असं खरंच वाटतं.

दुसरी चूक अशी, की आपण व्यायाम वजनाच्या नावावर खपवतो. काटा आपोआप खाली येत असताना पहाटे उठून चालायचं कशाला, असं रुग्णाला वाटणारच, आणि त्याचं फारसं चुकतही नाही! २०१५ सालच्या अमेरिकेतल्याच एका अभ्यासात सहा महिने व्यायाम करणाऱ्यांचं आणि न करणाऱ्यांचं वजन जवळपास सारखंच उतरलं. फरक पडला तो आत : व्यायाम करणाऱ्यांच्या शरीरात इन्सुलिन अधिक चांगलं काम करू लागलं. शिवाय उतरलेलं सगळं वजन चरबीचं नसतं. ढोबळमानाने पाव हिस्सा चरबीखेरीज इतर गोष्टींचा, आणि त्यात स्नायूही आले. काट्याला हे कळत नाही.

म्हणून दर भेटीत वजनाशेजारी आणखी एक आकडा लिहावा. हात नसलेली खुर्ची भिंतीला टेकवायची, हात छातीवर दुमडायचे आणि ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहून बसता येतं ते मोजायचं. याला ना यंत्र लागतं ना जिम. बऱ्हाणपूरच्या घरात सुनेने मोजून फोनवर सांगितलं तरी चालतं. आकडा घसरत असेल तर प्रथिनं आणि ताकदीचे व्यायाम दोन्हींकडे बघायचं.

बाकी आखणी रुग्णाच्या घराकडे बघून करावी. पायात रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून इस्पितळात लवकरात लवकर, बहुधा त्याच दिवशी, चालवतात. घरी गेल्यावर दहा-दहा मिनिटांचे तुकडे पाडावेत. जड उचलणं आणि पोटावर ताण येणारे व्यायाम साधारण चार ते सहा आठवडे बंद. ते कधी सुरू करायचे हे सर्जनने सांगावं. गुडघे कुरकुरत असतील तर बसूनच सुरुवात : पाय सरळ करणं, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलणं. पुढे आठवड्याला १५० मिनिटं चाल आणि दोन दिवस ताकदीचे व्यायाम, इथवर सावकाश यायचं.

खरी अडचण पाण्याची. लहान झालेल्या पोटात तांब्याभर पाणी एकदम मावत नाही, आणि माळव्यातला मे महिना चाळिशीपार जातो. त्यामुळे चाल पहाटेच, बाटली हातात, घोट घोट पीत. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर व्यायामाआधी डोस विचारून घ्यावा. चक्कर, दरदरून घाम आला की थांबावं. सैल पडलेली कातडी मांड्यांत घासते, पुरळ उठतं, आणि लाजेपोटी बाई चालणंच सोडते. घट्ट लेगिंग घातली की प्रश्न बराच सुटतो, पण हे तिला आधी कोणी सांगतच नाही.

शस्त्रक्रिया झालेलं कोणी घरात असेल तर पुढच्या तपासणीला जाण्याआधी खुर्चीचा आकडा कागदावर लिहून न्या आणि डॉक्टरांपुढे ठेवा. त्यांनी विचारला नाही तरी.