स्नोबॉलच्या पाठीवरची जखम

‘अॅनिमल फार्म’ शिकवायला घेतली की पहिल्याच तासाला मुलांच्या वहीत एक तक्ता तयार होतो. नेपोलियन डुक्कर म्हणजे स्टॅलिन, स्नोबॉल म्हणजे ट्रॉट्स्की, बॉक्सर घोडा म्हणजे मरेस्तोवर राबणारा कामगार. तक्ता बरोबर आहे, परीक्षेत मार्कही मिळतात. पण तेवढ्यावर पुस्तक मिटलं, तर त्यातलं खरं भयंकर हाती लागत नाही, असं माझं ठाम मत आहे. ते भयंकर स्क्वीलर या डुकरात आहे. तो स्वतः कुणाला चावत नाही. तो फक्त समजावून सांगतो.

स्नोबॉलची जखमच घ्या. गोठ्याच्या लढाईत तो थेट शेताच्या जुन्या मालकावर, जोन्सवर धावून जातो आणि बंदुकीचे छर्रे त्याच्या पाठीवर रक्ताच्या रेघा ओढतात. सगळ्यांच्या देखत घडतं हे. त्याला शौर्यपदक मिळतं. पुढे नेपोलियन त्याला हाकलून देतो आणि स्क्वीलर कामाला लागतो. आधी म्हणतो, त्याच्या पराक्रमाचा उगाच गाजावाजा झाला. मग म्हणतो, तो पहिल्यापासून जोन्सचाच हस्तक होता, तशी कागदपत्रं सापडलीत. बॉक्सर अडून बसतो. रक्त त्याने डोळ्यांनी पाहिलेलं असतं. पण खुद्द नेपोलियनने सांगितलंय म्हटल्यावर तो भाबडा जीव गप्प होतो. पुढे पदक दिलंच नव्हतं असं ठरतं आणि नंतर त्या जखमाच नेपोलियनच्या दातांच्या होतात! एका दमात हे कुणाच्याच गळी उतरलं नसतं.

पुस्तकाचा लेखक जॉर्ज ऑर्वेल याने हे स्वतः भोगलं होतं. १९३७ साली स्पेनमध्ये फ्रँकोविरुद्ध लढताना त्याच्या गळ्यातून गोळी गेली. काही आठवड्यांतच, ज्या पक्षाच्या पथकातून तो लढला त्या पक्षावर बंदी आली. ठपका होता फॅसिस्टांचे हेर असल्याचा. सोबती तुरुंगात गेले, तो बायकोसह कसाबसा फ्रान्समध्ये निसटला. स्नोबॉलच्या पाठीबद्दल वाचताना मला दर वेळी तो गळा आठवतो.

प्रचाराचं काम त्याने आतूनही पाहिलं होतं. १९४१ ते १९४३ तो बीबीसीत हिंदुस्थानासाठी युद्धकाळातले कार्यक्रम करत होता. त्याने लिहिलेली वार्तापत्रं मराठीतूनही प्रसारित होत. आपल्या वेणू चितळे तिथे त्याच्या सहकारी होत्या. ती नोकरी सोडल्यावर लगेच त्याने ही कादंबरी लिहायला घेतली. रशिया तेव्हा ब्रिटनचा दोस्त, त्यामुळे एकामागून एक प्रकाशकांनी हस्तलिखित परत केलं. पुस्तक निघालं ऑगस्ट १९४५ मध्ये.

पुस्तकातल्या त्या शेतावरच्या बहुतेक प्राण्यांना धड वाचता येत नव्हतं. भिंतीवरचे नियम रातोरात बदलले तरी त्यांना आपलीच आठवण चुकीची वाटे. पुस्तक घरात असेल तर पुन्हा काढा. तक्ता बाजूला ठेवा, आणि स्क्वीलर बोलायला उभा राहील तिथे तिथे मागची पानं उलटून खरं काय घडलं होतं ते ताडून पाहा.