विश्लेषण : ‘थांब, मी दाखवते’ म्हटल्यावर मुलं खेळणं धुंडाळायचं का थांबवतात?

नवं खेळणं मुलाच्या हातात पडतं. ते उलटंसुलटं करून बघतंय तोच घरातलं कुणीतरी पुढे सरसावतं, ‘असं नाही, थांब, मी दाखवते.’ हेतू चांगलाच असतो. पण त्यानंतर मुलाची शोधाशोध कमी होते, असं संशोधन सांगतं. मग मूल कुठल्या वातावरणात वाढलंय, यानेही फरक पडतो का?

प्रयोग काय होता?
अमेरिकेतील एलिझाबेथ बोनाविट्झ आणि सहकाऱ्यांचा अभ्यास २०११ मध्ये ‘कॉग्निशन’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. चार ते सहा वर्षांच्या ८५ मुलांना नळ्यांचं खेळणं देण्यात आलं. त्यात चार गमती होत्या : आवाज, दिवा, सूर आणि आरसा. एका गटाला ‘हे असं चालतं’ म्हणून फक्त आवाज काढून दाखवला. दुसऱ्या गटासमोर तो चुकून निघाल्यासारखं भासवलं. शिकवलेली मुलं कमी वेळ खेळली आणि उरलेल्या गमतीही त्यांना कमी सापडल्या.

असं का होतं?
मुलांचा तर्क सरळ असतो : दाखवणाऱ्याला खेळण्याची माहिती आहे, आणखी काही असतं तर तेही दाखवलं असतं.

घरच्या वातावरणाचा परिणाम किती?
मेक्सिकोतील युकातान भागातल्या माया कुटुंबांत मुलं मुख्यतः मोठ्यांचं काम बघून शिकतात. २०१६ मधील एका अभ्यासात तिथल्या आणि अमेरिकेतल्या दोन वर्षांच्या मुलांची तुलना झाली. नुसतं बघण्यापेक्षा मुद्दाम शिकवल्यावर दोन्हीकडच्या मुलांचा शोध आखडला. मात्र वय वाढेल तसा हा परिणाम वाढताना दिसला तो फक्त माया मुलांमध्ये. म्हणजे मूळ तर्क दोन्हीकडे सारखाच. पार्श्वभूमीमुळे फरक पडतो तो वयागणिक.

मग दाखवायचंच नाही का?
तसं नाही. दाखवलेली गोष्ट मुलं पटकन शिकतात. चाकू, गॅस, विजेचं बटण यांबाबत तेच हवं. खेळण्याबाबत मात्र ‘हे बटण दाबलं तर काय होईल?’ असा प्रश्न अधिक उपयोगी ठरतो. माहितगार मोठ्या व्यक्तीने असं विचारल्यावर मुलं शिकतातही आणि शोधतही राहतात, असं बोनाविट्झ यांच्या नंतरच्या अभ्यासांत आढळलं.

थोडक्यात, पुढच्या वेळी खेळणं मुलाच्या हातून घेण्याआधी एक प्रश्न विचारून बघावा, आणि उत्तराची घाई करू नये.