जुना हँडप्रेस घरी बसवताय? आधी बोटांचा विचार करा

लातूर, नांदेडमध्ये भंगारातून घेतलेला जुना हँडप्रेस घरच्या शेडमध्ये बसवणार असाल, तर हे वाचाच. वीज लागत नाही म्हणून धोका नाही, असं नाही. दांडा फिरवला की टोकाच्या वजनी गोळ्यांत ऊर्जा साठते. वेग दुप्पट झाला की ऊर्जा चौपट. पत्रा कापणारा पंच बोटही कापतो.

मग काय कराल?

पाया : झटक्याने प्रेस फिरू पाहतो. जड स्टँड काँक्रीटमध्ये बोल्टने आवळा.

जुळवणी : स्लाइडची ढिलाई काढा. पंच हळू खाली आणून आधी कागद कापून पाहा. १ मिमी लोखंडी पत्र्याला डायमध्ये प्रत्येक बाजूला साधारण ०.०५ ते ०.१ मिमी फट हवी.

सुरक्षा : दांड्याच्या फेऱ्यात डोकं नको. पत्रा चिमट्यानेच सरकवा. पंच आपोआप खाली येऊ शकतो. डाय बदलताना मध्ये लाकडी ठोकळा ठेवा.