वळणदार टाकी, अ‍ॅक्रिलिकची

मुंबईच्या तारापोरवाला मत्स्यालयात २०१५च्या नूतनीकरणात बसवलेला पारदर्शक बोगदा अ‍ॅक्रिलिकचा होता. अ‍ॅक्रिलिक काचेच्या निम्म्या वजनाचं असतं आणि तापवून साच्यावर हवं तसं वळवता येतं. डहाणूत कुणाला घरच्या कोपऱ्यात बसेल अशी खाऱ्या पाण्याची गोलाकार टाकी करायची असेल, तर आधी पाण्याची उंची ठरवावी. दाब उंचीवर अवलंबून असतो. ६० सेंमी खोलीला तळाच्या प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे ६०० किलो भार येतो. सांधे द्रावकाने एकजीव करतात. त्यात बुडबुडे राहिले की सांधा कच्चा. अ‍ॅक्रिलिकवर ओरखडे लवकर पडतात, म्हणून शेवाळ मऊ फडक्यानेच पुसावं. टाकी भरायला खाडीचं पाणी घ्यावं, तर पावसाळ्यात ते गढूळ आणि कमी खारं होतं. त्यापेक्षा गोड्या पाण्यात लिटरला ३५ ग्रॅम समुद्री मीठ मिसळावं. जिवंत दगडी प्रवाळ मात्र आणू नयेत; वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यांना संरक्षण आहे.